डायनासोरच्या शेणातलं गवत

१९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि आमच्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही डायनासोरचं वेड लागलं. मी तेव्हा एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. वर्गात सिनेमा प्रत्यक्ष पाहिलेली पोरं चार-पाचच. पण त्यांनी तो मधल्या सुट्टीत इतक्या वेळा सांगितला होता की बाकीच्यांनाही तो पाहिल्यासारखाच झाला होता. सहामाही परीक्षेत मी ‘आवडत्या प्राण्याचे चित्र काढून पाच ओळी माहिती लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न घातला आणि निम्म्या वर्गानं डायनासोर काढले.

त्यातलं एक चित्र मला अजून आठवतं. लांब मानेचा, पोळ्याच्या बैलासारखी पाठीवर नक्षी असलेला डायनासोर मान खाली घालून हिरव्यागार गवतात चरतो आहे. मागं एक बाभळ. चित्र छान होतं. मी लाल शाईनं ते गवत खोडलं, बाजूला ‘डायनासोरच्या काळात गवत नव्हते’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. पोरगं शेतकऱ्याचं होतं. पेपर हातात पडल्यावर त्यानं विचारलं, “मग एवढं मोठं जनावर खात काय होतं, सर?” मी त्याला नेचे, सूचिपर्णी झाडं, सायकस अशी यादी ऐकवली. एवढं बारीक ज्ञान आपल्याला आहे, याचा मला तेव्हा जरा अभिमानच वाटला होता.

माझी चूक नव्हती, असंही म्हणता येईल. तेव्हाची पुस्तकं तेच सांगत होती. डायनासोर संपले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आणि गवताचे खात्रीलायक जुने अवशेष होते साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे. त्यामुळं जगभरच्या संग्रहालयांतल्या डायनासोरच्या देखाव्यांत पायाखाली नेचे आणि शेवाळ असायचं, गवत नसायचं.

नोव्हेंबर २००५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक शोधनिबंध आला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनहून कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि त्यांच्याबरोबर हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांचा. डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात त्यांना गवताचे अवशेष सापडले होते, आणि तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. मला हे कळलं फार उशिरा, निवृत्तीनंतर. पण गवतापेक्षाही मला हलवून गेलं ते गावाचं नाव. ते दगड ना अमेरिकेतले होते, ना चीनमधले. ते होते चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातल्या पिजदुरा गावचे. (भूशास्त्राच्या पुस्तकांत हे गाव ‘पिसदुरा’ म्हणून भेटतं.) माझी मुलगी वरोऱ्यालाच दिलेली. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळं वरोरा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. मी तर तिथं दिवाळी-उन्हाळ्याला जाऊन-येऊन होतो. नातवंडांना घेऊन आनंदवनात कितीदा हिंडलो, पण पिजदुऱ्याचं नाव कधी कानावर आलं नव्हतं.

परभणीच्या माणसाला जीवाश्म पाहायला तिकडं का जावं लागतं, हे आधी सांगायला हवं. आपण मराठवाड्यातली माणसं राहतो लाव्हाच्या थरांवर. काळ्या मातीखाली मुरूम, मुरुमाखाली मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, पुन्हा मुरूम, पुन्हा पाषाण. विहीर खणणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरावर थर असा हा लाव्हा पसरला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि सह्याद्रीकडं त्याची जाडी दोन किलोमीटरपेक्षाही जास्त भरते. त्याआधीची जी जमीन होती, तिच्यावरची तळी, झाडं, जनावरांची हाडं, ती सगळी या लाव्हाच्या खाली गेली.

किती खाली? याचा एक अंदाज आपल्याला फार मोठी किंमत मोजून मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप परभणीतही अनेकांना जागं करून गेला. पुढं शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, मग अवघा ८ मीटरचा गाळाचा थर, आणि त्याखाली ग्रॅनाइट. तो गाळ पिजदुऱ्याच्याच वयाचा, असं मला म्हणायचं नाही. पण आपल्या पायाखाली हजार-अकराशे फुटांवर लाव्हाच्या आधीची कसली तरी जमीन निजलेली आहे, ही कल्पनाच मला बरेच दिवस पुरली.

पूर्वेकडं, नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला, हा लाव्हा पातळ होत जातो. वाकळ आखूड पडली की पायाकडून खालचं अंथरूण दिसतं ना, तसं तिथं लाव्हाखालचं अंथरूण उघडं पडलं आहे. भूशास्त्रज्ञ त्याला लामेटा थर म्हणतात. नाव पडलं जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून. भारतातली डायनासोरची पहिली हाडं जबलपूरलाच मिळाली, १८२८ साली, स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला. ठगांचा बंदोबस्त करणारा तो हाच स्लीमन. ‘डायनासोर’ हा शब्दच तेव्हा जन्माला यायचा होता. तो आला १८४२ मध्ये. आपल्याला काय सापडलं आहे, हे त्या बिचाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं.

पिजदुऱ्याची हाडं अभ्यासकांसमोर आणली नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी, १८६० च्या सुमारास. धर्मप्रचार, शाळा, गोंडी भाषेचा अभ्यास हे सगळं सांभाळून हा माणूस दगड गोळा करत हिंडायचा. १८६३ मध्ये पावसाळ्यात, जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना, नाल्याच्या पुरात बुडून ते वारले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या हजारो मुलांना हे नाव माहीत आहे. त्या नावाचा डायनासोरशी संबंध किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढं १९३९ मध्ये मॅटली या भूशास्त्रज्ञानं पिजदुऱ्याच्या कोप्रोलाइटवर, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेवर, स्वतंत्र निबंध लिहिला आणि आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. तिथून जवळच डोंगरगाव आहे. तिथं १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांना लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आज ‘आयसीसॉरस’ म्हणून ओळखला जातो. पिजदुऱ्याचं नाव तर एका कासवाला आणि एका सापालाही मिळालं आहे. गाव एवढंसं, पण शास्त्राच्या लॅटिन नावांत दोनदा जाऊन बसलेलं.

गेल्या मे महिन्यात जावयांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी तिथं गेलो. चंद्रपूरकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते तिकडच्यांनाच विचारावं, म्हणून पहाटेच निघालो. मनात उगाच गोबीच्या वाळवंटाची चित्रं होती: लाल कडे, वारा, उंटांचे तांडे. प्रत्यक्षात दिसली ती नांगरून ठेवलेली रानं. पऱ्हाटी उपटलेली, धुऱ्यावर पळस, लांब एक टेकडी. फरक एवढाच की मध्येच काळी संपून तांबूस, चिकट माती लागत होती. हाच तो लामेटा. त्यात चुनखडीच्या गाठी होत्या. आमच्याकडच्या रानातही चुनखड निघते आणि शेतकरी तिला वैतागतो. पाऊस बेताचा आणि उन्हानं पाणी पटकन उडून जाणारं असलं की मातीत चुना असा गोळा होतो. लामेटातल्या अशाच चुन्यावरून शास्त्रज्ञ सांगतात, की त्या काळी इथं निमकोरडं हवामान होतं. थोडे महिने पाऊस, मग लांबलचक कोरड, अधूनमधून दलदल आणि तळी. ऐकताना वाटतं, की वर्णन मराठवाड्याचंच चाललं आहे.

धुऱ्यावर दगडांचा ढीग होता. नांगराला लागलेले दगड शेतकरी बांधावर टाकतो, तसाच. मी वाकून चाळू लागलो. बरेचसे साधे गोटे. मग एक निराळा हाताला लागला. मुठीपेक्षा मोठा, लांबट, एका टोकाला निमुळता, अंगावर वळ्या आणि बारीक भेगा. वाळलेल्या पोवाला असतात तशा. ज्याचं बालपण शेण गोळा करण्यात गेलं, त्याला ओळख पटायला पुस्तक लागत नाही. माझी आई सारवायचं शेण हातात घेऊन सांगायची, या गाईनं कडबा खाल्लाय, हिनं हिरवं खाल्लंय. वंदना प्रसादांनी केलं ते याहून फार निराळं नाही. फक्त त्यांचं शेण साडेसहा कोटी वर्षं शिळं होतं.

तेवढ्यात शेताचे मालक आले. साठीचे असावेत. “काय पाहून राह्यले जी?” मी दगड दाखवला. ते हसले. “हे होय! लोकं येते जी, थैल्या भरून नेते. आमाले त नांगराले आडवे येते.” मग जरा थांबून म्हणाले, “एवढ्या मोठ्या जनावराचं शेण एवढुसंच काहून?”

प्रश्न अगदी रास्त होता, आणि अभ्यासकांनाही तो पडलेला आहे. त्याच थरात टायटॅनोसॉर या प्रचंड शाकाहारी डायनासोरांची हाडं सापडतात, आत वनस्पतींचे अवशेष आहेत, म्हणून मोठे गोळे त्यांचेच मानतात. पण सगळेच गोळे त्यांचे, असं ठामपणे कुणी म्हणत नाही. मी मालकांना म्हटलं, “उंट केवढा आणि त्याच्या लेंड्या केवढ्या?” ते त्यांना पटलं. मला स्वतःला तितकंसं पटलेलं नाही.

आता या दगडात गवत सापडलं कसं? ज्वारी काढणाऱ्या बाईला विचारा, की पानानं हात का कापतो. उसाच्या फडात अंग का चिरतं? गवताच्या कुळातली झाडं जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका शोषतात, आणि काचेचे म्हणावेत असे सूक्ष्म कण पानांच्या पेशींत साठवतात. या कणांना फायटोलिथ म्हणतात. पान सडतं, पचतं, जळतं, तरी हे कण तसेच राहतात. गंमत अशी की प्रत्येक कुळाचा साचा वेगळा. गवतात काही कण डमरूसारखे, काही घोड्याच्या खोगिरासारखे. कोप्रोलाइटचा तुकडा आम्लात विरघळवून बाकीचं काढून टाकलं, की मागं राहिलेले हे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी ही काच पिजदुऱ्याच्या दगडांत होती. तिच्यासोबत पाम, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही अवशेष होते. म्हणजे ही जनावरं काही नुसत्या गवतावर जगत नव्हती. जे मिळेल ते ओरपत होती, त्यात गवतही होतं.

२०११ मध्ये याच मंडळींनी पुढचा निबंध लिहिला. लामेटाच्या कोप्रोलाइटमधले काही कण आणि पानांच्या सालीचे तुकडे भाताच्या जवळच्या गणातल्या गवतांचे ठरले. आपण जे खातो त्यातलं ज्वारी, गहू, बाजरी, मका, भात आणि उसाची साखर हे सगळं गवतच. त्या कुळाचे इतके जुने पुरावे एका वऱ्हाडी शेताच्या बांधावर पडलेले असावेत आणि आपण तिकडं आनंदवन पाहायला जाऊन परत यावं, याला काय म्हणायचं?

या शोधानं आणखी एक कोडं सुटायला मदत झाली. गवत खाणाऱ्या जनावराचे दात झिजतात. म्हणून गाई-घोड्यांचे दात उंच, खोल रुजलेले असतात. विकाराबादजवळ नसकलला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात एका लहान सस्तन प्राण्याचे असेच उंच दात १९९० च्या दशकात मिळाले होते. गवतच नव्हतं, तर उंदराएवढ्या त्या प्राण्याला असले दात कशाला? आता म्हणता येतं, की कदाचित गवत होतं म्हणूनच.

मालकांनी तोवर पाण्याची बाटली पुढं केली होती. “न्या की दोन-चार,” ते म्हणाले. खरं सांगतो, मोह झाला. नातवाला दाखवायला एक दगड, एवढंच. पण जीवाश्माची अर्धी माहिती त्याच्या जागेत असते. कुठल्या थरात, कुठल्या मातीत, कुठल्या हाडांशेजारी तो होता, हे हरवलं की तो शोकेसमधला गोटा होतो. आता बांधावर टाकलेल्या दगडानं आपली जागा आधीच निम्मी गमावलेली आहे, हेही खरं. पण निदान शेत तरी तेच आहे. मी दगड ढिगात परत ठेवला. जावयांना ते जरा विचित्र वाटलं असावं.

शेतकऱ्याला दोष देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. जमीन त्याची, पोट त्याचं. डायनासोरसाठी रान पडीक ठेव, हे त्याला कुणी सांगायचं? गोबीत नांगर नाही, तरी तिथलं तरी सुरक्षित कुठं आहे? १९२३ मध्ये अमेरिकन मोहिमेला तिथल्या लाल कड्यांत डायनासोरच्या अंड्यांची घरटी सापडली आणि ते वाळवंट जगप्रसिद्ध झालं. त्यामागोमाग चोरही आले. २०१२ मध्ये मंगोलियातल्या टार्बोसॉरसचा सांगाडा न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला पुकारला गेला. मंगोलियानं कोर्टात भांडून २०१३ मध्ये तो परत मिळवला. वाळवंटातला देश आपल्या एका सांगाड्यासाठी समुद्रापलीकडं जाऊन भांडतो.

आपल्याकडंही अगदीच काही झालं नाही, असं नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला लामेटा थरातच हाडं आणि अंडी आहेत. तिथल्या एका म्हातारीच्या घरी डायनासोरच्या अंड्यावर मसाला वाटला जायचा, असं सांगतात. २०१९ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात अभ्यासकांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली; त्यावरचा निबंध २०२३ मध्ये आला. त्याच जिल्ह्यातल्या एका गावी लोक गोल दगडांना शेताचा राखणदार भैरव मानून नारळ वाहत होते. तपासल्यावर ती डायनासोरची अंडी निघाली. मला ही बातमी वाचून हसू आलं नाही. पुजले होते म्हणून तर ते राहिले. आपल्या राज्यात सिरोंच्याकडं वडधमला जुन्या वृक्षांच्या जीवाश्मांसाठी उद्यान आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं भूवारसा स्थळांच्या जपणुकीसाठी विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध केला.

माझं म्हणणं लहान आहे. ज्या शेतात हे दगड निघतात, तिथल्या शाळेत एक कपाट असावं. निघालेला दगड शेतकऱ्यानं तिथं आणून द्यावा, शिक्षकानं गट नंबर, तारीख आणि किती खोल निघाला ते वहीत लिहावं, आणला त्याचं नावही लिहावं. त्याला खर्च येतो एका कुलपाचा. मी अजून नोकरीत असतो, तर बदली मागून घेतली असती. मालकांना हे बोललो, तर ते म्हणाले, “कपाट ठेवाले जागा त आहे जी. पण लिहीन कोण?”

परत आल्यावर एक काम राहिलं होतं. तो पोळ्याच्या बैलासारखा डायनासोर काढणारा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला. सेलूच्या बाजूला त्याची शेती आहे, दोन म्हशी आहेत. बाजारच्या दिवशी तो गाठ पडतो आणि अजून ‘सर’ म्हणतो. मी त्याला रसवंतीच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. पिजदुरा, शेण, काचेचे कण, पाच प्रकारचं गवत. पेपर त्याला आठवत होता का, असं विचारलं. चित्र आठवत नव्हतं. लाल शाई आठवत होती.

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“गवत बरोबर होतं. बाभळीचं मला सांगता येणार नाही.”

त्यानं ग्लास संपवला, मिशी पुसली. “दोन मार्कांनी पहिला नंबर हुकला होता, सर,” तो म्हणाला, “आणि ते गोटे बघायला कधी जायचं, ते सांगा. पोराला पण घेतो.”

दिवाळीच्या सुट्टीत, पऱ्हाटी फुटायच्या आत जायचं ठरलं आहे. कपाटाची वही मी घेऊन ठेवली आहे.